फॉरवर्डचा ठप्पा मिळेपर्यंत

मेलबर्नमध्ये मार्च उजाडला की आमच्या ऑफिसात फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, फँटसी लीगचं वारं शिरतं. नोंदणी करणं, संघाला नाव देणं, बजेटमध्ये तीस खेळाडू बसवणं हे एका संध्याकाळी उरकतं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहायचंय ते खेळाडूच्या नावापुढे लागणाऱ्या जागेच्या ठप्प्याबद्दल, कारण तो प्रकार आठवला की आजही डोकं फिरतं.

क्रिकेटच्या फँटसीत अष्टपैलू म्हणजे डोळे मिटून घ्यायचा माणूस. जडेजाला धावांचे गुण मिळतात, विकेटचे मिळतात, वर झेलांचेही. आपल्याकडून आलेला प्रत्येक जण हाच हिशोब घेऊन इथे येतो. पण ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये अशी बेरीज होत नाही. बचावात घालवलेला वेळ मधल्या फळीतून वजा होतो. किकला 3 गुण, हँडबॉलला (मुठीने मारलेला पास) 2, मार्कला (किकवर आलेला चेंडू थेट झेलणं) 3, टॅकलला 4, गोलला 6 आणि फ्री किक दिलीत तर उणे 3. म्हणजे चेंडू सतत हाताशी येतो त्या जागेवरचा खेळाडू कमावतो, बाकीचे पळत राहतात.

जीलाँग क्लबचा मार्क ब्लिकाव्ह्स घ्या. मूळचा स्टीपलचेसचा धावपटू, उंची 198 सेंटिमीटर. रक (वर उडालेल्या चेंडूसाठी उडी मारणारा उंच गडी), बचाव, विंग, सांगाल तिथे खेळतो. 2015 आणि 2018 मध्ये तो क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रशिक्षकासाठी असा माणूस सोनं. पण समोरच्या धिप्पाड फॉरवर्डला नुसतं रोखून धरायचं काम असेल त्या दिवशी तुमच्या खात्यात काय पडणार?

फँटसीत कमाई वेगळ्याच ठिकाणी असते. नावापुढे एक जागा लिहिलेली आणि मैदानावर तो खेळतोय दुसऱ्या जागी, असा खेळाडू शोधायचा. मैदानावरच्या संघात 6 बचावपटू, 8 मिडफिल्डर, 2 रक आणि 6 फॉरवर्ड लागतात. शंभरी गाठणारे मिडफिल्डर मुबलक असतात, तशा फॉरवर्डचा दुष्काळ. 2024 मध्ये सिडनीचा आयझॅक हीनी यादीत फॉरवर्ड होता आणि खेळत होता मधल्या फळीत. ज्यांनी त्याला सुरुवातीलाच घेतलं, ते महिनोन्‌महिने खुशीत होते.

माझा खेळाडू याच्या उलटा. नाव लिहीत नाही, बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. यादीत मिडफिल्डर, पण मोसम सुरू होताच प्रशिक्षकाने त्याला हाफ फॉरवर्डला, म्हणजे मधल्या फळीच्या पुढच्या जागेवर, ढकललं. गुण घसरले, गुणांमागोमाग किंमत. ऑफिसातले सगळे ‘वीक त्याला’ म्हणत होते. आठवड्याला दोनच बदल करता येतात, त्यामुळे विकणंही फुकटात नव्हतं. माझं म्हणणं एकच: दर काही फेऱ्यांनी नव्या जागांची यादी येते, त्यात याला फॉरवर्डचा ठप्पा मिळणारच.

यादी आली. याचं नाव नाही! मी वरून खाली वाचली, मग खालून वर. कसलं काय. स्टेडियममध्ये बसून डोळ्यांनी पाहिलेला माणूस, गोलच्या तोंडाशी उभा असायचा, आणि कागदावर अजून मिडफिल्डर. कारण हळूहळू कळलं. ठप्पा मिळतो तो मोसमभरात कुठे किती वेळ घालवला यावर. आजकालचे हाफ फॉरवर्ड चेंडूमागे थेट मध्यापर्यंत धावतात, शिवाय हा अधूनमधून सेंटर बाउन्सलाही, म्हणजे मध्यातून खेळ नव्याने सुरू होतो तिथेही, जायचा. विचारायचं तरी कुणाला? दाद मागायला खिडकीच नाही. पुढची यादी कित्येक आठवड्यांनी. तोवर दर आठवड्याला त्याची किंमत उतरताना बघायची आणि सोमवारी चहाच्या वेळी टोमणे ऐकायचे. आमच्या लीगमधला सांगलीचा मित्र तर ‘काय रे, तुझा फॉरवर्ड काय म्हणतोय?’ असंच विचारायचा. मी हट्टाने ठेवला.

दुसऱ्या यादीत ठप्पा मिळाला. आणि त्यानंतर लगेच त्यांच्या मधल्या फळीतला एक जण जखमी झाला नि आमचा गडी परत सेंटर बाउन्सला! मिळालेला ठप्पा त्या मोसमात काढून घेत नाहीत. म्हणजे नावापुढे फॉरवर्ड, गुण मिडफिल्डरचे. पडत्या किंमतीला ऑफिसात कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. आता प्रत्येकाला तो हवा होता, आणि सांगलीकराला तर भारी किंमत मोजावी लागली. मला झालेला आनंद सभ्य माणसाला शोभणारा नव्हता.

कुणी असा खेळाडू जोखत असेल तर आधी मध्यातून खेळ सुरू होतो तिथले आकडे बघा. 2019 पासून 6-6-6 चा नियम आहे: तेव्हा प्रत्येक संघाचे सहा मागे, सहा मध्ये, सहा पुढे. मधल्या सहांतले चौकोनात चौघेच, त्यातला एक रक. उरतात तिघे. त्या तिघांत तुमचा माणूस किती वेळा होता, हे गुणांपेक्षा लवकर खरं सांगतं. बचावपटू असेल तर किक-इन (समोरच्यांचा गोल हुकल्यावर चेंडू परत खेळात आणणारी किक) कोण घेतो ते बघा, कारण गोलसमोरच्या चौकोनातून पळत बाहेर पडून मारली तर तीही किक धरतात. बाय, म्हणजे त्याच्या संघाचा सुट्टीचा आठवडा, कधी आहे हे मात्र घेण्याआधीच तपासा, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. सामन्याआधी संघ जाहीर होतात, पण त्यातल्या कागदावरच्या जागांवर विश्वास ठेवू नका, प्रशिक्षक तिथे काहीही लिहितात.

पुढच्या वर्षीच्या यादीत तो पुन्हा नुसता मिडफिल्डर होता. मी घेतला नाही. सांगलीकराने घेतला.