दारापुढची गल्ली आणि मुलांचा खेळ

आमच्या कोथरूडमधील सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा सर्वाधिक वेळ गेला तो पाण्याच्या टाकीवर किंवा लिफ्टच्या दुरुस्तीवर नव्हे, तर पार्किंगमध्ये मुलांनी चेंडू खेळावा की नाही या विषयावर. गाड्यांच्या काचांची आणि आरशांची काळजी असणारे एका बाजूला व मुलांचे आईवडील दुसऱ्या बाजूला अशी सरळ विभागणी झाली आणि शेवटी चेंडूला बंदी, सायकलला अंधार पडेपर्यंत परवानगी, असा तोडगा निघाला. मुलांनी फाटकाबाहेर, समोरच्या गल्लीत खेळावे, ही सूचना मात्र कोणाच्याही तोंडून आली नाही. सभेला बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे बालपण पेठांतल्या गल्ल्यांत गेलेले आहे, तरीही ती कोणाला सुचू नये, याचे मला नवल वाटले.

मुले बाहेर खेळत नाहीत याचे कारण विचारले की मोबाइल, क्लास आणि हल्लीच्या पालकांचा भित्रेपणा अशी उत्तरे ठरलेली असतात. मला ती पटत नाहीत. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये केलेल्या पाहणीत असे आढळले होते की, १९७१ साली सात-आठ वर्षांची सुमारे ८० टक्के मुले एकटी शाळेत जात होती आणि १९९० मध्ये हे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते. त्या काळात मुलांच्या हातात मोबाइल नव्हता. मधल्या काळात वाढली होती ती मोटारींची संख्या. मुलांचे अपघाती मृत्यू घटले म्हणजे रस्ते सुरक्षित झाले, असे तेथे सांगितले जात असताना, रस्त्यावरून मुलेच हलवली गेली म्हणून मृत्यू घटले, हा हिलमन यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडेही, रस्ता धोक्याचा झाला म्हणून आपण मुलांना आत घेतले आणि आत बसलेल्या मुलांनी करायचे काय, या प्रश्नाचे उत्तर म्हणून मोबाइल त्यांच्या हाती दिला, असाच क्रम मला दिसतो.

पुण्यात वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या २०१८ मध्ये आल्या, तेव्हा शहरात सुमारे ३६ लाख वाहने होती. या आकड्याची चर्चा वाहतूक कोंडीच्या संदर्भात झाली, पण गल्लीच्या दृष्टीने धावणाऱ्या गाडीइतकीच उभी असलेली गाडीही महत्त्वाची आहे. दोन्ही कडांना मोटारी लावलेल्या गल्लीत मधला जो पट्टा उरतो, तेवढाच वाहनांना जाण्यासाठी असतो आणि दोन गाड्यांच्या फटीतून चेंडूमागे धावत आलेले मूल चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबायला लागणारे अंतर जवळजवळ चौपट होते, त्यामुळे मुख्य रस्त्याचा सिग्नल चुकवण्यासाठी आमच्या गल्लीतून जाणारी दुचाकी तीसऐवजी पंधराच्या वेगाने गेली, तर तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडेल.

मुलांसाठी उद्याने आहेत की, असे यावर सांगितले जाते. कमला नेहरू पार्क, सारसबाग, संभाजी उद्यान ही पुण्याची भूषणे आहेत, हे मी मान्य करते. जंगली महाराज रस्त्याच्या रुंद केलेल्या पदपथावर महापालिकेने मुलांसाठी खेळणीही बसवली आहेत. परंतु तेथे जायला मोठा रस्ता ओलांडावा लागतो, म्हणजे मोठे माणूस सोबत लागते, म्हणजे त्या माणसाला सवड लागते. शिवाय बहुतेक उद्याने दुपारी बंद असतात आणि चेंडूला तेथेही मज्जाव असतो. आईला स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारता येईल एवढ्या अंतरावर मिळणारा अर्धा तास, आणि रविवारी गाडी काढून नेऊन आणलेला दीड तास, यांची बरोबरी होऊ शकत नाही.

त्या अर्ध्या तासात काय होत असे, ते ज्यांनी अनुभवले त्यांना सांगायला नको. चकून राज्य कोणावर ते ठरवायचे, धाकट्या भावंडांना लिंबूटिंबू म्हणून सामावून घ्यायचे, डबा ऐसपैसमध्ये कोणी खोटे बोलले तर त्याच्याशी भांडायचे आणि खेळ मोडू नये म्हणून ते भांडण आपापसांतच मिटवायचे, हे सर्व मुले पंचावाचून करीत. खो-खोचे नियम डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधून दिले, त्याने त्या खेळाचे भलेच झाले. पण गल्लीतल्या लगोरीला लेखी नियम नव्हते आणि म्हणून ते रोज नव्याने ठरवावे लागत. आज फी भरून पाठवलेल्या शिबिरात मुले धावतात, घामाघूम होतात, तंत्रही शिकतात, मात्र वाद झाला की सरांकडे पाहतात.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाताना थोडे जपून बोलावे, असे मला वाटते. गल्ली मुलांची होती, असे जेव्हा माझे भाऊ म्हणतात, तेव्हा ती मुख्यतः मुलग्यांची होती. दिवेलागणीला आम्हा बहिणींना हाक येई आणि ते आणखी तासभर खेळत राहत. कोणाच्या घरातला मुलगा भिडू म्हणून चालेल आणि कोणाच्या घरातला नाही, याचे मोठ्यांनी घातलेले अलिखित नियमही होतेच. आता पुन्हा मिळवायचे असेल तर ते स्वातंत्र्य मुलींनाही तेवढेच मिळायला हवे.

मुलांची गल्ली पुण्यातून सर्वस्वी गेलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहतीसारख्या भागात, जेथे बोळ इतके अरुंद आहेत की मोटार शिरूच शकत नाही, तेथे संध्याकाळी मुले दाराबाहेर असतात. घरात जागा नाही म्हणून ती बाहेर असतात, त्या बोळांत उघडी गटारेही असतात, त्यामुळे तिथल्या गल्लीचे कौतुक करण्याचा मोह मी टाळते. तरीही चारचाकी नसली की मुले आपोआप बाहेर येतात, एवढे तेथे स्पष्ट दिसते.

मध्यमवर्गीय भागांत परिस्थिती उलट दिशेने चालली आहे. २०२० पासून लागू असलेल्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत मनोरंजनासाठी दहा टक्के मोकळी जागा सोडण्याची अट ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांना आहे. एरंडवणे-कोथरूडकडील पुनर्विकासाला निघालेल्या जुन्या तीन मजली इमारतींचे भूखंड बहुधा त्याहून पुष्कळच लहान असतात, त्यामुळे जुन्या इमारतीभोवतीचे अंगण जाते, त्याजागी यांत्रिक पार्किंग येते आणि कुटुंबे तिप्पट होतात. एका गल्लीत अशा चार इमारती झाल्या की तेथील मुलांना खेळायला गल्लीखेरीज दुसरी जागाच राहत नाही.

नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत सुमारे ३,३०० माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यानंतर पालकांनी रस्त्यावर उतरून आंदोलन केले. डेल्फ्ट शहरात निवासी गल्ल्यांची रचना बदलण्याचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते, त्यांना १९७६ मध्ये कायद्याचा आधार मिळाला. अशा गल्लीत वाहनाने चालण्याच्या वेगानेच जायचे असते आणि मुलांना रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर खेळण्याचा अधिकार असतो. आपण ते जसेच्या तसे उचलावे, असे मी म्हणत नाही. आपल्या गल्लीत टेम्पो, भाजीची हातगाडी आणि कचऱ्याची घंटागाडी यांनाही वाट हवी.

पण गल्ली बंद करणे पुण्याला नवीन नाही. गणेशोत्सवात मांडवासाठी दहा दिवस आपण वळसा घालून जातो, विसर्जनाच्या मिरवणुकीला लक्ष्मी रस्ता एका दिवसाहून अधिक काळ वाहनांना बंद असतो आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिनानिमित्तही तो बंद ठेवला जातो. (बालहक्कांच्या ज्या करारात खेळण्याचा हक्क नोंदलेला आहे, तो भारताने ११ डिसेंबर याच तारखेला, १९९२ मध्ये स्वीकारला, हा केवळ योगायोग.) मोटार वाहन कायद्याच्या ११५व्या कलमाखाली ठरावीक रस्त्यावर ठरावीक वेळी वाहनांना मनाई करता येते आणि वाहतूक शाखा तशा अधिसूचना नेहमीच काढत असते.

म्हणून आमच्या गल्लीतील काही शेजाऱ्यांनी मिळून रविवारी संध्याकाळी पाच ते सात गल्लीची दोन्ही तोंडे रहिवाशांखेरीज इतर वाहनांना बंद ठेवावीत, असा अर्ज तयार केला आहे. सह्या गोळा करताना सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न, आमच्या गाड्या कोठे लावायच्या, हा आहे. गाड्या आहेत तेथेच राहू द्या, फक्त दोन तास हलवू नका, असे आम्ही सांगतो. त्यावर काही जण सही करतात आणि काही जण विचार करून कळवतो म्हणतात.