दोन किलोवॅट की तीन

शनिवार, रात्री

गच्चीवर सोलर बसवायचं आहे, त्याचं आज अजून एक कोटेशन आलं आणि यातही तेच, ३ किलोवॅट. ज्याला विचारावं तो ३ चंच सांगतो, कारण काय तर "मॅडम, ७८ हजार सबसिडी पूर्ण घ्या की, सोडताय कशाला". सबसिडी देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली तेव्हापासून सोलापुरातल्या आमच्या जुळे सोलापूर भागात गच्च्यांवर पॅनेल दिसायला लागलेत आणि मामंजींनी तर मनातल्या मनात कधीच ठरवून टाकलंय. पण मला आकडे समोर मांडल्याशिवाय एवढा खर्च करवत नाही, म्हणून जेवणं झाल्यावर वर्षभराची बिलं काढली आणि वहीत उतरवत बसले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही दीडशे युनिटच्या आसपास असतो, पावसाळ्यात १९०-२००, पण मार्चपासून जे चढतं ते ३००, ३६०, मे मध्ये तर ३८०. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा ४२-४३ वर, त्यात मामंजींचं बीपी, दुपारी एसी लावावाच लागतो आणि त्यात काटकसर करायची नाही हे माझं पक्कं आहे. सगळं मिळून सरासरी महिन्याला २२० युनिट.

आता बिल नीट वाचलं तर सगळे युनिट एका भावाचे नसतात. पहिले १०० युनिट वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) धरून सहा रुपयांच्या आसपास पडतात, १०१ ते ३०० मधला प्रत्येक युनिट अकराच्या वर जातो, ३०० च्या पुढं अजून महाग, आणि वर १६ टक्के वीज शुल्क. सोलर बसवलं की आधी कापला जातो तो हा वरचा महागडा युनिट. म्हणजे पहिला किलोवॅट सगळ्यात जास्त पैसे वाचवतो, दुसरा त्याच्यापेक्षा कमी, आणि तिसरा आला की आमच्या घरात कापायला फार काही उरतच नाही. सबसिडीचंही तसंच आहे, पहिल्या दोन किलोवॅटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला फक्त १८ हजार, हे ७८ चा आकडा सांगताना कोणी फोडून सांगत नाही.

मांडलेला हिशेब असा: २ किलोवॅटचं कोटेशन १ लाख ३० हजार, सबसिडी ६० जाऊन ७० हजार आपल्या खिशातून. १ किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरले तर दोनला महिन्याला २४०, म्हणजे आमचं वर्षाचं भागतंय, आणि बिलातले २५ हजारांच्या आसपास वाचतात. तीन वर्षांत पैसे वसूल. ३ किलोवॅटचं कोटेशन १ लाख ९०, सबसिडी जाऊन १ लाख १२. म्हणजे ४२ हजार जास्तीचे घालून वर्षाला जेमतेम चार-पाच हजार अजून वाचणार. एवढ्यासाठी नऊ-दहा वर्षं थांबायचं का?

स्थिर आकार, म्हणजे बिलातली दर महिन्याची ठरलेली रक्कम, कितीही पॅनेल लावले तरी भरावाच लागतो, बिल शून्य होतं म्हणणाऱ्यांनी हे आधी सांगायला पाहिजे.

रविवार

सकाळी ९ वाजता खडू घेऊन गच्चीवर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला खाली असतो, सावल्या वर्षात सगळ्यात लांब पडतात, म्हणून बघायचं तर आत्ताच बघायचं असं मी ठरवलेलं. पाण्याच्या टाकीची सावली जिथं पडली तिथं खडूनं रेघ मारली, मग १२ ला, मग ४ ला. ९ ची रेघ पार पश्चिमेकडच्या कठड्यापर्यंत गेली, १२ ची आखडून टाकीच्या उत्तरेला दोन-अडीच फुटांवर, ४ ची पूर्वेला जिन्याच्या भिंतीवर चढलेली. सगळे पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, त्यातल्या एकाच्या कोपऱ्यावर सावली आली तरी बाकीच्यांवरही परिणाम होतो, त्यामुळं ही रेघ फार महत्त्वाची आहे, आणि कोटेशन देणाऱ्यांपैकी एकानंही सावली कुठं पडते ते विचारलं नव्हतं. टाकीच्या दक्षिणेची जागा दिवसभर मोकळी राहते, टेपनं मोजली तर २०० स्क्वेअर फूट सहज निघते. किलोवॅटला साधारण १०० लागतात. म्हणजे २ आरामात बसतात आणि तिसऱ्यासाठी टाकी हलवावी लागेल.

आत्या पण वर आल्या. त्यांचा प्रश्न एकच, उन्हाळ्यात कुरडया-सांडगे कुठं घालायचे? हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो, गच्ची त्यांची आहे, मार्च-एप्रिलमध्ये त्यांचं निम्मं जग तिथं असतं. पॅनेलखालचा लोखंडी सांगाडा, म्हणजे स्ट्रक्चर, उंच घेतलं तर खालून वावरता येतं, पण लोखंड वाढतं आणि पैसेही. आणि सावलीत कुरडई वाळत नाही हे त्यांनी लगेच सांगितलं. उत्तरेची बाजू त्यांना पूर्ण मोकळी ठेवायची असं ठरलं.

पॅनेल धुवायचं पण बघायला पाहिजे. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर बसतो, तोच थर काचेवर बसला तर धुण्याचा उपयोग काय. त्यामुळं नळाचंच पाणी दोन बादल्या बाजूला ठेवायचं आणि सकाळी काच गार असताना मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं. उन्हाळ्यात धूळ किती असते ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको.

मंगळवार

मामंजींना आज एक गोष्ट सांगावी लागली आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांना वाटत होतं सोलर बसलं की लाईट गेली तरी घरात पंखा चालू राहणार. ऑन-ग्रिडमध्ये, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या लाईनला जोडलेल्या सोलरमध्ये, तसं नसतं, लाईन गेली की आपला सोलरचा इन्व्हर्टर पण आपोआप बंद होतो, कारण खांबावर वायरमन काम करत असेल आणि आपल्या गच्चीवरून करंट उलटा गेला तर त्याच्या जिवावर बेतेल. हे ऐकल्यावर ते लगेच म्हणाले, "मग बरोबरच आहे ते." बॅटरीवालं हायब्रिड घ्यायचं तर खर्च फारच वाढतो आणि बॅटरीला सबसिडी नाही. आमचा जुना बॅटरीचा इन्व्हर्टर आहेच, तोच चालू ठेवायचा.

अजून एक गोष्ट डोक्यात बसली ती ३१ मार्चची. नेट मीटरमध्ये (लाईनला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा राहतात हे खरं, पण आर्थिक वर्ष संपलं की खातं मिटवतात आणि उरलेल्या युनिटचे फार कमी दरानं पैसे मिळतात. आता बघा, आमचे युनिट साठणार कधी, तर हिवाळ्यात, ऊन स्वच्छ आणि वापर कमी. आणि लागणार कधी, तर एप्रिल-मे मध्ये. ऐन गरजेच्या तोंडावर साठा मिटणार! सोलापूरसारख्या गावाला तरी हे फार अन्यायाचं आहे, वर्षाचा हिशेब उन्हाळा संपल्यावर करायला पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं. पण नियम आहे तो आहे, आणि या नियमात ३ किलोवॅटवाल्याचं जास्त नुकसान होतं, कारण त्याचे हिवाळ्यात जास्त साठतात.

एफडीशी पण तुलना केली. ७० हजार ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला पाच हजारही नीट येत नाहीत, मुद्दल मात्र जागेवर राहते. पॅनेलमध्ये मुद्दल परत नाही, जे आहे ते बिलातून वाचवून घ्यायचं. पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची, तेव्हाही ८० टक्क्यांच्या आसपास वीज द्यायला पाहिजे असं लिहून देतात, सोलरचा इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा बदलावा लागेल असं धरून मी त्याचेही पैसे वहीत मांडलेत. तरी जमतंय. चांगलंच जमतंय.

ज्यांचं बिल १०० युनिटच्या आत येतं त्यांना मात्र मी इतक्या ठामपणे घ्या म्हणणार नाही, त्यांचा प्रत्येक युनिट मुळातच स्वस्त आहे. माझ्या बहिणीचं तसंच आहे, तिला काल फोनवर थांब म्हणलं.

गुरुवार

ठरलं. २ किलोवॅट. नवऱ्याचं म्हणणं होतं उद्या इलेक्ट्रिक स्कूटर घेतली तर? म्हणून सोलरचा इन्व्हर्टर ३ चा घ्यायचा आणि पॅनेल आत्ता २ चेच. कर्ज काढायचं नाही, भिशीचे पैसे जानेवारीत हातात येतायत.

गल्लीतल्या एकांचे पॅनेल बसून महिने झाले तरी नेट मीटर लागायला उशीर झाला आणि तेवढे दिवस बनलेली वीज फुकट गेली, म्हणून शेवटचा हप्ता नेट मीटर चालू झाल्यावरच देणार हे लेखी घ्यायचं. त्याच कागदावर पॅनेल भारतात बनलेले, नाहीतर सबसिडी नाही, स्ट्रक्चर गॅल्वनाईज्ड (जस्ताचा मुलामा दिलेलं), अर्थिंग आणि आकाशातली वीज पडलीच तर ती जमिनीत उतरवायला अरेस्टर, हे पण. आता फक्त स्ट्रक्चर सहा फूट की आठ एवढंच राहिलंय. आत्या म्हणतात आठ, खाली वाकून चालायला लागू नये. मी पण आठच सांगणार आहे.