झटपट बाइंडिंग, पावसाळी नोंदी: जोडी ठाण्यात, बर्फ गुलमर्गला

जोडी स्नोबोर्डवर बूट बांधायच्या बाइंडिंगची, मागून पाय घालायच्या जातीची आहे. हायबॅक (बुटामागचा उभा आधार) मागे पाडायचा, बूट आत सरकवायचा, हायबॅक उभा करून पाठीमागची लिव्हर दाबायची, झालं. पट्ट्या एकदाच लावून ठेवायच्या. ‘स्टेप ऑन’चाही विचार झाला होता. २०१७ पासून बाजारात असलेली ही पद्धत चवड्याला दोन आणि टाचेला एक अशा तीन ठिकाणी बूट पकडते, पण त्यासाठी त्याच जातीचे बूट लागतात. गुलमर्गला बूट ओला झाला किंवा फाटला तर भाड्याच्या दुकानात नेमका तसाच मिळेल, या भरवशावर ठाण्याहून निघण्यात अर्थ नाही. मागून घालायच्या बाइंडिंगला साधा बूट चालतो.

एवढा खटाटोप कशाला, तर गोंडोलामुळे, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेमुळे. चेअरलिफ्टवर (उघड्या खुर्च्यांचा रोपवे) पुढचा पाय बांधलेलाच असतो, वर पोचल्यावर फक्त मागचा बांधायचा. गोंडोलात शिरताना बोर्ड दोन्ही पायांतून निघतो, म्हणजे प्रत्येक फेरीला दोन्ही पाय नव्याने बांधायचे. तेही गुलमर्गच्या अफरवाट डोंगराच्या खांद्यावर, साधारण ३,९५० मीटरवर, वाऱ्यात आणि हातमोजे न काढता.

जुलै: स्क्रू
बोर्डाच्या भोकांची मांडणी ४×४ (भोकं ४-४ सेंमीवर), स्क्रू एम६ (६ मिमी जाडीचा), लांबी १६ मिमी. एम६ च्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिमी, म्हणून एक फेरी म्हणजे १ मिमी. फूटपट्टी लागत नाही, फेऱ्या मोजायच्या. डिस्क (बाइंडिंग बोर्डावर दाबून धरणारी चकती) न लावता स्क्रू बोटांनी हलकेच फिरवा आणि तळ लागेपर्यंतच्या फेऱ्या मोजा. मग डिस्कसकट मोजा. आमच्याकडे मोकळा स्क्रू ८ फेऱ्या गेला, डिस्कसकट ६. हे चांगलं. दोन्ही आकडे सारखे आले तर स्क्रू लांब आहे. तो इन्सर्टच्या (बोर्डात बसवलेल्या आट्यांच्या धातूच्या भोकाच्या) तळाला टेकून थांबतो, डिस्क सैलच राहते आणि आणखी जोर लावला तर बोर्डाच्या तळाला फुगवटा येतो. डिस्कसकट जेमतेम ३-४ फेऱ्या जात असतील तर स्क्रू आखूड, आटे सोलून निघतील.

स्क्रू-ड्रायव्हर पोझी (पोझीड्राइव्ह) जातीचा, ३ नंबरचा घ्या. घरातला साधा चौफुलीचा फिलिप्स २ बसल्यासारखा वाटतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. वागळे इस्टेटमधून स्टेनलेसचे स्क्रू आणले, पण स्टेनलेस इन्सर्टमध्ये स्टेनलेस स्क्रू कोरडा फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून बसतात. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) अगदी थेंबभर, फक्त आट्यांना. प्लास्टिकवर ओघळू देऊ नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

ऑगस्ट: पट्ट्या
सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा. आधी बूट घालून हायबॅक बंद करा आणि पट्ट्या रॅचेटने (दातेरी कळीने) नेहमीच्या बाइंडिंगसारख्या आवळा. मग रॅचेटला हात न लावता हायबॅक पाडून पाय काढा, पुन्हा घाला. टाच दोन बोटं आधीच अडली तर घोट्याची पट्टी एकच दात सोडा. चवड्याची तशीच राहू द्या. बहुतेक लोक दोन्ही पट्ट्या सोडतात. मग पाय झटकन जातो खरा, पण वळताना टाच उचलली जाते आणि दोष बाइंडिंगला मिळतो.

डावा-उजवा वेगळा मोजा. आमच्या जोडीत एका दाताचा फरक निघाला. हायबॅकचा पुढचा झुकाव शून्यावर ठेवूनच सुरुवात करा. झुकाव हायबॅकला ओढून धरणाऱ्या केबलच्या लांबीवर ठरतो, तो बदलला की पट्ट्यांचं गणित पुन्हा पहिल्यापासून.

ठाण्याच्या उकाड्यात बुटाचा आतला फोम मऊ असतो, थंडीत तो कडक होतो. घरच्या गालिच्यावर सुळकन जाणारा पाय तिथे अडतो. म्हणून रंगाच्या पेनने दोन खुणा केल्या: घरची, आणि एक दात सैल.

सप्टेंबर: बर्फ
मासळी बाजारातून बर्फाचा चुरा आणला. बेसप्लेटवर (बूट टेकतो त्या तळपाटीवर) टाचेखाली सेंटिमीटरभर दाबला आणि बूट घातला. बूट वर उचलला गेला, हायबॅक पुरता उभा राहिना, लिव्हर मात्र जोर देऊन ‘खट्’ झाली. पण ती अर्धवटच बसली होती. टाचेवर भार टाकताच उघडली. आवाजावर जाऊ नका. लिव्हर हायबॅकला सपाट चिकटली का ते मान वळवून पाहा, किंवा मोज्यातल्या बोटाने चाचपा. (चुरा ताज्या बर्फासारखा दबत नाही, म्हणून ही परीक्षा जरा कडकच झाली.) नव्वदच्या दशकातल्या स्टेप-इन बाइंडिंग (बूट थेट खिट्टीत अडकणाऱ्या) याच दुखण्याने बदनाम झाल्या, खिट्टीत बर्फ भरायचा. उपाय साधाच आहे: बोर्ड उभा धरून झटका, मग जुन्या प्लास्टिक कार्डाने टाचेची जागा खरवडा, आणि बुटाचा तळवाही. तळव्याला चिकटलेला बर्फ विसरला जातो.

नंतर लिव्हर ओली करून रात्रभर घरच्या फ्रीझरमध्ये. साधं ग्रीस लावलेली सकाळी दोन्ही अंगठ्यांनीही हलेना. पुसून, वाळवून सिलिकॉन स्प्रे मारलेली एका बोटाने उघडली. स्प्रे सांध्यावरच, बुटाच्या जागेवर नको.

साठवण: लिव्हर उघडी, हायबॅक सैल, म्हणजे केबलवर ताण राहत नाही. बूट वेगळे, बंद डब्यात २०० ग्रॅम सिलिका जेलसोबत. ते रंग बदललं की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा आत. नवी मुंबईच्या खाडीकाठच्या घरांत हे दर पंधरवड्याला करावं लागतं.

बाकी राहिलंय: उजव्या केबलची एक तार मुडपलेल्या जागेजवळ तुटलेली दिसतेय. एक तार तुटली की बाकीच्यांवर भार येतो, त्यामुळे नवी केबल येईपर्यंत उजवी जोडायची नाही. केबल बदलल्यावर त्या बाजूचे दात पुन्हा मोजून इथेच टाकू.