ढिगाऱ्यातली ऊब

वैशाखात मुंगसाने आमची खुडूक कोंबडी नेली. टोपलीत अकरा अंडी राहिली, बारा दिवस उबवलेली. आई एकेक अंडं गालाला लावून बघत होती. "धग आहे अजून," म्हणाली.

माझं लक्ष गोठ्यामागच्या गायरीकडे गेलं. शेण आणि पातेरा कुजताना आत इतकी ऊब धरते की हात फार वेळ ठेववत नाही. "ह्यातच पुरूया का?" मी विचारलं. मेगापोड पक्षी हेच करतात, आणि त्यांनी मला कित्येक वर्षं वेड लावलंय.

हे पक्षी अंड्यांवर बसतच नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या झुडपी रानातला मॅलीफाउल घ्या. नर खड्डा खणून त्यात पालापाचोळा भरतो, तो पावसाने भिजला की वर वाळू ओढतो. ढीग चार-चार मीटर रुंद होतो. आधी कुजणाऱ्या पाल्याची ऊब, मग उन्हाची. नर चोचीत वाळू घेऊन ऊब जोखतो आणि वाळू उपसून, चढवून आत साधारण ३३-३४ अंश राखतो. १९५०च्या दशकात हॅरोल्ड फ्रिथ या शास्त्रज्ञाने ढिगात विजेचे हीटर पुरून उष्णता वाढवली, तर नर ढीग उकरून ती घालवू लागला! आई आंब्याच्या आढीत कोपरापर्यंत हात घालते, "उद्या उलटायला हवी" म्हणते, तेव्हा मला तो नर दिसतो.

आईने मात्र मान हलवली. "कोंबडी दिवसातून कितीदा अंडी फिरवते. गायरीत कोण फिरवणार?"

खरंच होतं. मेगापोडची अंडी पुरली तशीच, न हलता उबतात. बलक भरपूर असतो, म्हणून पिल्लू पिसं घेऊनच फुटतं. वेळासला कासवाची पिल्लं एकमेकांच्या आधाराने वाळूतून वर येतात. हे एकटंच पायांनी उकरत येतं आणि दिवसभरात उडतं. आईबाप त्याला विचारत नाहीत.

आपल्या देशात मेगापोड फक्त निकोबार बेटांवर, किनाऱ्यालगतच्या रानात. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत त्यांचे कितीतरी ढिगारे वाहून गेले. समुद्राकाठी राहणाऱ्या मला ते फार लागतं.

शेजारच्या काकूंची एक कोंबडी खुडूक होती. दिवेलागणीला अंडी तिच्याखाली सरकवली. नवव्या दिवशी सात फुटली, आणि ओली पिल्लं तिच्या पंखाखाली शिरली.