तुम्ही विचारलंत म्हणून: कॉम्प्युटरवर वासाचा अभ्यास कसा होतो?

मी वासाच्या रिसेप्टरांवर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "पण कॉम्प्युटरला कुठे वास येतो?" येत नाही. रिसेप्टर म्हणजे वास टिपणारं नाकातलं प्रोटीन; वासाचा रेणू त्यात नेमका कुठे बसतो आणि तिथे काय करतो, ते मी बघते.

माणसाकडे अशी सुमारे ४०० प्रकारची प्रोटीनं आहेत. या प्रोटीनांच्या जनुकांचं घराणं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणलं; २००४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण माणसाच्या एकाही वास-रिसेप्टरची प्रत्यक्ष रचना दिसायला २०२३ उजाडलं. कारण प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये ही प्रोटीनं पुरेशी तयारच होत नाहीत. तोवर गाईच्या डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिन या प्रकाश टिपणाऱ्या प्रोटीनसारख्या नातेवाइकांवरून आराखडे बेतावे लागायचे. घराणं एकच, साम्य मात्र बेताचं.

२०२३ मध्ये दिसला तो ओआर५१ई२ नावाचा रिसेप्टर. हा प्रोस्टेट ग्रंथीतही सापडतो आणि पेशींमध्ये त्यातल्या त्यात बरा तयार होतो, म्हणून तो हाती लागला. त्यात प्रोपिओनेट बसलेलं होतं. स्विस चीजच्या वासात याचा वाटा असतो. अवघ्या तीन कार्बनांचा हा रेणू, आणि त्याच्याभोवतीची खोबण चहूबाजूंनी बंद. प्रोटीन ही अमिनो आम्लांची माळ असते; त्यातलं आर्जिनिन हे धनभारित अमिनो आम्ल प्रोपिओनेटचं ऋणभारित टोक धरून ठेवतं. मला सर्वांत आवडतं ते पुढचं. खोबणीतल्या दोन मोठ्या अमिनो आम्लांपैकी एकाच्या जागी लहानसं ॲलनिन घातलं, की तोच रिसेप्टर लांब साखळीच्या मेदाम्लांनाही प्रतिसाद देऊ लागतो. कुठला वास ओळखायचा, हे त्या चिमुकल्या जागेच्या मापावर ठरतं!

रचनेचं हे छायाचित्र स्थिर असतं, प्रोटीन नसतं. प्रत्येक अणूवरचं बल मोजून, सेकंदाच्या अब्जांशाहूनही कितीतरी लहान पावलांनी आम्ही त्याला कॉम्प्युटरवर हलवतो. मग खोबण रुंद केल्यावर प्रोपिओनेट आत कसं सैल पडतं, ते दिसतं.

"मग आता अल्फाफोल्ड आहे ना?" हाही प्रश्न येतो. अल्फाफोल्ड म्हणजे प्रोटीनच्या रचनेचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्राम. आहे, आणि त्याने आमचं काम फार सोपं केलं. पण इथे अणूएवढ्या फरकाने उत्तर बदलतं, म्हणून शेवटचा निवाडा मी जिवंत पेशींवरच्या प्रयोगावर सोपवते.

या कामाची ओढ का, तेही सांगते. व्हायोलेटच्या फुलांच्या सुगंधात बीटा-आयोनोन असतं. ओआर५ए१ या रिसेप्टरमध्ये १८३ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदललं, तर माणसाला बीटा-आयोनोनचा सुगंध जवळपास येतच नाही. सख्ख्या बहिणींतही हा फरक असू शकतो. तो एक बदल खोबणीत नेमकं काय बिघडवतो, हे मला अणू-अणूने बघायचंय.