मयाळूची वही: खूट तोच, पावसाळा तिसरा

मयाळूची वेल लावली २०२३ च्या जूनमध्ये. आज जुलै २०२५, आणि रंगाच्या त्या वीस लिटरच्या बादलीत खूट अजून तोच आहे. हे आधीच सांगते, कारण मयाळू म्हणजे पावसाळ्यात लावायची आणि दिवाळीनंतर उपटून टाकायची भाजी, असंच मीही धरून चालले होते.

जागा पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेची गॅलरी. ऊन सकाळी अकरापर्यंत. बादलीला तळाशी आणि बाजूंना भोकं, आत दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड.

जून–ऑगस्ट २०२३

शेजारच्या काकूंनी वाळलेली बोंडं दिली होती, काळी, मिऱ्याएवढी. आठ तशीच टोचली, तर तीन आठवड्यांत दोनच उगवली. पुढची आठ पॉलिश पेपरवर जराशी घासून रात्रभर कोमट पाण्यात ठेवली. त्यातली सहा अकराव्या दिवसापर्यंत वर आली. कवच टणक असतं, पाणी आत शिरायला वाट करून द्यावी लागते. खरं तर बियांच्या नादी लागायचंही कारण नाही. मंडईत ताजी जुडी मिळाली की वीतभर कांडी घ्यायची, खालची पानं काढायची आणि पाण्यात उभी करायची. पावसाळ्यात आठवड्या-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. लाल देठाची वेल मी अशीच मिळवली. पूर्वी तिला वेगळी जात मानून बॅसेला रुब्रा म्हणत. आता हिरवी आणि लाल दोन्ही बॅसेला अल्बाच धरतात.

पहिल्या वर्षी वेल वाढते आहे याचंच इतकं कौतुक, की शेंडा खुडायचा जीव होईना. ती ग्रिलवरून सरळ वर गेली. पानं वरच्या मजल्यावरच्या वहिनींना आणि मला नुसते देठ! मग हातभर वेल झाली की शेंडा मोडायचा नियम केला. प्रत्येक मोडीखाली दोन-तीन फुटवे येतात, आणि भाजीला तेच हवे असतात. आठवड्यातून एकदा खुडलं तर दोघांपुरती भाजी निघते. रोज चार-चार पानं तोडत बसलं तर वेलही खंगते आणि भाजीही होत नाही.

ऑगस्टमध्ये ठिपके आले. मयाळू लावलेल्या कुणालाही ते ठाऊक असतील: गोल, कडेला लालजांभळी रेघ, मध्ये राखाडी, पुढे तिथे भोक पडतं. मी आधी अळी शोधत बसले, रात्री टॉर्च घेऊनसुद्धा. अळी नव्हतीच, ही बुरशी. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ती पानावरून पानावर जाते. नीमतेल मारून बघितलं, काही फरक पडला नाही. उपयोग झाला तो तीन गोष्टींचा: ठिपक्यांची पानं तोडून कचऱ्यात (कंपोस्टमध्ये नाही), बादली छज्जाखाली भिंतीशी, आणि पाणी फक्त मातीत. वेलीची खालची वीतभर पानंही काढून टाकते, म्हणजे मातीचे शिंतोडे चिकटायला काही उरत नाही.

नोव्हेंबर २०२३

दिवाळीच्या सुमारास पानं रुपयाएवढी झाली आणि पानांच्या बगलेत पांढरट-गुलाबी कळ्यांचे तुरे आले. वाढ थांबली. खत दिलं, मोहरीच्या पेंडीचं पाणी दिलं, वेल ढिम्म. वैतागून उपटायला निघाले तेव्हा आईचा वेंगुर्ल्याहून फोन आला. म्हणाली, "उपटतस कित्याक? कापून ठेव, परत फुटतली."

ठेवली. बोंडं पिकू दिली, जानेवारीत दोन पेरं राखून वेल छाटली, पाणी कमी केलं. अडीच महिने बादलीत करंगळीएवढं लाकूड उभं होतं. घरात त्यावरून बरीच थट्टा झाली. मार्चच्या मध्याला उकाडा सुरू झाला आणि खालच्या पेरातून लालसर कोंब आला. वरची इंच-दोन इंच माती काढून शेणखत भरलं. २०२४ च्या गुढीपाडव्याला त्या खुटाची पहिली भजी झाली.

मुळात ही बहुवर्षायूच वेल. दहिवर गोठण्याइतकी थंडी तिला सोसत नाही, म्हणून थंड देशांत ती एका उन्हाळ्यापुरती लावतात. आपल्याकडे थंडीत ती मरत नाही, रुसते.

ऑक्टोबर २०२४ ते जानेवारी २०२५

रुसण्याचं कारण नुसती थंडी नाही. दिवस तेरा तासांच्या आत आला की मयाळूला फुलावंसं वाटू लागतं. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला लहान दिवस अकरा तासांचा. म्हणजे पावसाळा सरता सरता वेल फुलाकडे वळणारच, खत कितीही ओता.

हे कळायच्या आधीची माझी चूक: ऑक्टोबरमध्ये मोठ्या वेलीच्या सहा कांड्या लावल्या, हिवाळ्यात ताजी भाजी मिळेल म्हणून. सहाही जगल्या आणि सहाही वीतभर उंचीवर फुलल्या. पानं तोडावीत असं एकही झाड नाही. जूनमध्ये लावलेल्या कांड्यांनी मात्र ऑक्टोबरपर्यंत भरभरून दिलं. तेव्हा कांड्या लावायच्या तर मार्च ते जुलै.

एक गंमत नोंदवून ठेवते. वेलीची एक फांदी ग्रिलबाहेर पार्किंगच्या दिव्यासमोर गेली होती. तो दिवा रात्रभर जळतो. बाकी वेल तुऱ्यांनी भरली तरी ती फांदी डिसेंबर संपेपर्यंत तळहाताएवढी पानं देत होती. दिव्यामुळे तिची रात्र कधी झालीच नसावी. एकाच फांदीचा अनुभव आहे, पण या हिवाळ्यात एका बादलीवर मुद्दाम बल्ब लावून बघणार आहे. विजेच्या बिलावरून घरात बोलणी बसतील ती वेगळी.

स्वयंपाकघर

मयाळू बुळबुळीत लागते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती बहुधा चिरून धुतलेली असते. आधी धुवायची, फडक्यावर कोरडी करायची, मगच चिरायची. शिजवताना झाकण नाही, आणि आंबट काहीतरी हवंच: चिंच, कोकम किंवा ताक. ताकातली करताना चणाडाळ-शेंगदाणे आधी शिजवून घेते, बेसन लावते, वर लसणाची फोडणी.

भजीसाठी जून झालेलं नाही पण मोठं झालेलं पान घ्यावं. पीठ पळीवाढं, बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ, ओवा, कडकडीत मोहन. पान ओलं असेल तर पीठ धरत नाही आणि तेल उडतं. माझ्या मनगटावर खूण आहे.

देठ फेकू नयेत हे जावेमुळे कळलं. ती कारवारकडची, त्यांच्याकडे हिला वाळ म्हणतात. तूरडाळीत बोटभर देठ आणि पानं शिजवायची, ओलं खोबरं, भाजलेल्या सुक्या मिरच्या आणि चिंचेचं वाटण लावायचं, वरून खोबरेल तेलात लाल होईपर्यंत परतलेला कांदा. हे वाळीचं आंबट. यात देठच जास्त रुचकर लागतात. गोव्यात वाळीत सुंगटं (कोळंबी) घालतात, बंगालमध्ये हीच पुईशाक होऊन हिलशाच्या डोक्याबरोबर शिजते. आमच्याकडे मासे फक्त मीच खाते, त्यामुळे तो प्रयोग माहेरी. ऑक्झलेट हिच्यातही पालकासारखंच भरपूर, म्हणून मूतखड्याचा त्रास असलेल्या दिरांच्या ताटात मी ती वाढत नाही.

पिकल्या बोंडांचा रस गडद जांभळा, लहानपणी आम्ही त्याची शाई करायचो. यंदा इडलीच्या पिठात घातला. वाफवल्यावर मातकट रंग आला, पोरांनी हात लावला नाही. बिटासारखाच हा रंग, उष्णतेपुढे टिकत नाही. दह्यात घातला तेव्हा मात्र सुरेख गुलाबी कोशिंबीर झाली. बिया गाळून घ्याव्या लागतात.

जुलै २०२५

खूट आता अंगठ्याएवढा जाड आहे, साल लाकडासारखी. मार्चमधल्या छाटणीनंतर पाच फुटवे आले, तीन ठेवले. मागच्या आठवड्यात अर्धा किलोच्या आसपास पाला निघाला. ठिपके आहेतच, पण खालच्या पानांपुरते. बादलीच्या भोकांतून मुळं बाहेर आली आहेत, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये कुंडी बदलायला हवी. शेजारी कढीपत्त्याच्या कुंडीत गळलेल्या बोंडांची चार रोपं आपोआप उगवली आहेत. त्यातली दोन वरच्या मजल्यावरच्या वहिनींना दिली, पहिल्या वर्षी त्यांना फुकट मिळालेली पानं त्यांना अजून आठवतात.