वावरात राबूनही हाडं ठिसूळ झाली: माझा अनुभव

मनगट मोडल्यावर केलेल्या डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती दाट ते सांगणारा आकडा, उणे २.९ आला. उणे १ च्या वर असला तर ठीक. उणे १ ते उणे २.५ म्हणजे हाड विरळ व्हायला लागलेलं, आणि उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. तालुक्याला ही मशीन नव्हती, नागपूर गाठावं लागलं. गावातल्या शिबिरात टाच मशीनमध्ये ठेवून करतात ती तपासणी नुसती चाळणी असते. तेवढ्यावर औषध सुरू करू नका.

जन्मभर निंदण आणि कापसाची वेचणी केलेल्या बाईला हा आजार कसा, असं सगळेच विचारतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजन हे हार्मोन कमी होतं आणि हाड भरण्यापेक्षा झिजायला जास्त लागतं. वावरात आपण पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, तोंडाला दुपट्टा बांधतो, म्हणून दिवसभर उन्हात असूनही कातडीला ऊन लागत नाही. घरचं दूध डेअरीवर जातं. आणि १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असतं जेमतेम २८ मिलिग्रॅम.

माझं रक्तातलं ड जीवनसत्त्व ११ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) निघालं. २० च्या खाली कमतरता धरतात. डॉक्टरांनी ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, असं ८ आठवडे दिलं आणि मग महिन्याला एक. ते दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्यायचं. हेच पाकीट रोज घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्याने रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला धोका होतो. उन्हासाठी एक साधी खूण: सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचंच ऊन कामाचं. हिवाळ्यात मी बाराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून २०-३० मिनिटं अंगणात बसते. उन्हाळ्यात सकाळी नवाच्या आसपास थोडा वेळ पुरतो. मे महिन्यात दुपारी उन्हात बसायचं नाही.

खाण्याचा हिशेब मात्र मी कागदावर मांडला, कारण दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम अंदाजाने भरत नाही. पाव लिटर दूध डेअरीवर न पाठवता घरी ठेवलं, त्याचे सुमारे ३००. वाटीभर दह्याचे दोनशेच्या आसपास. भाकरीच्या पिठात नाचणी मिसळली. १०० ग्रॅम नाचणीत ३६० च्या वर कॅल्शियम असतं, पण नुसत्या नाचणीची भाकर घरात कोणी खात नाही, म्हणून तीन भाग ज्वारीला एक भाग नाचणी आणि पीठ गरम पाण्याने मळायचं. तीळ सालासकट घ्या. पांढरेशुभ्र, साल काढलेले तीळ दिसायला छान, पण कॅल्शियम सालातच जातं. भाजून, कुटून जवसाच्या चटणीत दोन चमचे घालते. अख्खे तीळ नीट चावले जात नाहीत. शेवग्याचा पाला (पूर्व विदर्भात मुनगा म्हणतात) वरणात मूठभर. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. प्रथिनं विसरून चालत नाही: वजनाच्या किलोमागे रोज साधारण १ ग्रॅम. पातळ वरणाने ते होत नाही. वरण घट्ट करा, सोबत अंडं किंवा भिजवलेले हरभरे खा.

उरलेली तूट कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळीने भरली, जेवणासोबत. लोहाची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची. पानाचा चुना चाटल्याने हाड मजबूत होतं असं गावात सांगतात. तोंड भाजतं आणि मात्रा कळत नाही, म्हणून मी तो कधी घेतला नाही. खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) मात्र बंद झालाच पाहिजे, तंबाखू हाड झिजवते. सांधेदुखीच्या बिनानावाच्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि ते महिनोन्महिने पोटात गेलं तर हाड पोखरतं. अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, एकदम सोडू नका.

वावरातलं काम म्हणजे व्यायाम, हा समज मला सगळ्यांत जास्त नडला. वेचणीत कंबरेतून वाकून, पिळून काम होतं आणि विरळ मणक्याची पुढची बाजू अशाच दाबाने चेपते. आता खालच्या बोंडांसाठी मी एक गुडघा टेकते आणि ओटी (कापूस टाकायला कमरेला बांधलेली झोळी) तीन-चार किलोची झाली की रिकामी करते. पाण्याच्या दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत, गुडघ्यातून बसून, अंगाजवळ धरून उचलते. घरी रोज ओट्यावरून हात न टेकता १० वेळा उठबस, अशा तीन फेऱ्या (खाट नको, दोर सैल असते). चौकट धरून टाचा उचलणं १५ वेळा. भिंतीला टाचा, पाठ, खांदे लावून डोकं मागे दाबणं, ५ सेकंद, १० वेळा. भिंतीजवळ एका पायावर उभं राहणं. आणि अर्धा तास झपाझप चालणं. पायाला हात लावायची आसनं बंद.

हाडाची झीज कमी करणारी डॉक्टरांनी दिलेली गोळी म्हणजे अॅलेंड्रोनेट ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एका ठरलेल्या वारी, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याने. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. आडवं झालं तर अन्ननलिका पोळते, चहा घेतला तर औषध अंगी लागत नाही. सुरू करण्याआधी किडनीची तपासणी करा, दात दाखवून घ्या.

यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने हाड डेक्सात दाट दिसतं पण मजबूत नसतं, म्हणून तिकडच्यांनी डॉक्टरांना पाण्याचं आधी सांगावं.

दोन वर्षांनी त्याच मशीनवर पुन्हा डेक्सा केली: उणे २.६. अॅलेंड्रोनेटची गोळी पाच वर्षांपर्यंत चालेल, मग डॉक्टर पुन्हा बघतील.